'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
गावातल्या मधुमेह शिबिरासाठी मराठी पत्रक लिहिते आहे. 'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही, त्या अवस्थेला) कुणी 'प्रतिरोध' लिहितं, कुणी 'प्रतिकार'. हल्ली मेंदूतल्या रेझिस्टन्सबद्दलही वाचनात येतं. पण मेंदू इन्सुलिनवाचूनही साखर घेतो ना? मग तो प्रतिकार कशाला करतो?

प्रतिसाद १
'प्रतिकार' कृपया नको. करोनापासून 'रोगप्रतिकारशक्ती' घरोघरी पोचली आहे. 'तुमच्या शरीरात इन्सुलिनचा प्रतिकार वाढलाय' असं ऐकून पेशंटला वाटतं, बरंच झालं! उलट अवस्थेसाठी, म्हणजे 'इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी'साठी वापरतात ती 'संवेदनशीलता'ही फसवी. तिने लोकांना अ‍ॅलर्जी आठवते.

आपल्याकडे तयार क्रियापद आहे: दाद देणे. 'ताप औषधाला दाद देत नाही' हे आजीही म्हणते आणि डॉक्टरही. शिवाय क्रियापद आलं की कर्ता सांगावाच लागतो. दाद कोण देत नाही? स्नायू, यकृत, की मेंदू? 'प्रतिरोध' या नामात हे झाकून जातं, आणि तुमचा घोळ तिथेच झाला आहे.

स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. मेंदूतल्या पेशींना त्यासाठी ते फारसं लागत नाही, तुमचं बरोबर. मेंदूसाठी इन्सुलिन हा निरोप असतो: जेवण पोचलं, आता भूक आवर, यकृताला साखर सोडणं कमी करायला सांग. हा निरोप मुख्यतः हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला भूक सांभाळणारा भाग, घेतो. त्याने दाद दिली नाही, तर त्याचे परिणाम मेंदूबाहेर दिसतात.

जर्मनीत ट्यूबिंगेन शहरातले संशोधक यावर बरीच वर्षं काम करताहेत. तिथे इन्सुलिनचा फवारा नाकात मारतात. त्यामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं, रक्तात मात्र फारसं वाढत नाही. मग एमआरआयमध्ये मेंदूचा प्रतिसाद पाहतात. 2020 साली त्यांनी मांडलेलं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. आहार-व्यायामाचा एकच कार्यक्रम, पण ज्यांचा मेंदू इन्सुलिनला दाद देत होता त्यांचं वजन आणि पोटातली चरबी चांगली उतरली. ज्यांचा देत नव्हता त्यांचं वजन सुरुवातीला थोडं घटलं आणि पुन्हा वाढलं. पोटातली हीच चरबी मधुमेहाचा धोका वाढवते. म्हणून 'वजन उतरत नाही म्हणजे तुम्ही पथ्य पाळत नाही' असं पत्रकात चुकूनही लिहू नका. बिचारी माणसं आधीच खूप ऐकून घेत असतात.

प्रतिसाद २
'दाद' फारसीतून आली, मूळ अर्थ न्याय. म्हणून 'दाद मागणे'. गाण्याला दाद देतो तेव्हा कौतुक असतं. पत्रकात घोटाळा नाही का होणार?

प्रतिसाद १
नाही. इन्सुलिनचं कौतुक कोण करणार! संदर्भाने अर्थ लागतो. मथळ्याला नाम हवंच असेल तर 'इन्सुलिनरोध' घ्या, खाली लगेच वाक्यात उलगडा.

प्रतिसाद ३
एक भर. ट्यूबिंगेनच्याच 2025 च्या अभ्यासात निरोगी तरुणांना पाच दिवस चिप्स, चॉकलेटसारखं जादा खायला दिलं. वजन फारसं हललं नाही, पण यकृतात चरबी वाढली. नंतर आठवडाभर नेहमीचं जेवून झाल्यावरही मेंदूच्या काही भागांचा प्रतिसाद मंदच होता. दिलासाही आहे: बैठ्या कामाच्या, वजन जास्त असलेल्या माणसांनी आठ आठवडे नेमाने व्यायाम केल्यावर मेंदूची दाद सुधारल्याचं त्यांनीच 2022 साली दाखवलं.

प्रश्नकर्ती
मग असं लिहिते: 'शरीर, आणि कधीकधी मेंदूसुद्धा, इन्सुलिनला नीट दाद देत नाही. नियमित व्यायामाने ही दाद सुधारते.'

प्रतिसाद १
'सुधारते'ऐवजी 'सुधारू शकते' करा. बाकी छापायला द्या.