मदत हवी आहे: इव्हेंट कॅमेऱ्यात अंधाराकडची रेघ हरवते

वेल्डिंगचा आर्क आणि पुढचा अंधारातला सांधा एकाच वेळी दिसावा म्हणून इव्हेंट कॅमेरा (पूर्ण चित्र न काढता ज्याचा प्रत्येक पिक्सेल फक्त उजेडातला बदल नोंदवतो तो) लावला आहे. साध्या कॅमेऱ्याची डायनॅमिक रेंज (सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागातला एकाच वेळी टिपता येणारा फरक) साधारण ६० डेसिबल, याची १२० च्या आसपास. त्यामुळे आर्कजवळची ठिणगी न् ठिणगी सुटी दिसते, बघत राहावं असं! अडचण सांध्यापाशी आहे. कमी प्रकाशात पिक्सेल मंदावतात, कडेमागे शेपूट उरतं, भोवती नुसते ठिपके लुकलुकतात. थ्रेशोल्ड (किती बदल झाला की पिक्सेलने नोंद करायची ती मर्यादा) वाढवला की ठिपके जातात, पण सांध्याची बारीक रेघही जाते, आणि मला तीच हवी आहे. ठिपके घालवायला फोटोरिसेप्टरची (पिक्सेलमधल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची) बँडविड्थ, म्हणजे बदलाला प्रतिसाद देण्याचा वेग, कमी केली तर शेपूट आणखी लांबेल ना? की थ्रेशोल्ड कमीच ठेवून शेजारच्या पिक्सेलशी ताडून पाहणारा फिल्टर नंतर लावावा? कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.