कच्चा ऑफेन्सिव्ह टॅकल ड्राफ्टमध्ये घ्यावा का?

प्रश्न: अंगापिंडाने दांडगा, पण तंत्रात कच्चा असलेला टॅकल (चेंडू फेकणाऱ्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा खेळाडू) एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीनिहाय वार्षिक निवडीत, घेतल्यास त्याला लगेच मैदानात उतरवावे का?

उत्तर १: मुळीच नाही. जॉर्डन मायलाटा या ऑस्ट्रेलियन रग्बी लीगपटूला फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८ मध्ये शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिले दोन हंगाम तो बाहेरच होता. त्यात दुखापतींचाही भाग होता. चेंडू घेऊन पुढे धडकण्याची सवय मुरलेल्या खेळाडूला तिरके मागे सरकत, गुडघे वाकवून, तोल न सोडता नेमक्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर हात रोवायला शिकवणे हे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांचे खरे कर्तृत्व, असे मी मानतो.

उत्तर २: सहमत, मात्र सातव्या फेरीत गमावण्यासारखे फारसे नसते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूबाबत एवढा धीर क्वचितच धरला जातो. याच संघाने २०१९ मध्ये आंद्रे डिलर्डला पहिल्या फेरीत घेतले, तरी २०२१ मध्ये लेफ्ट टॅकलची (डाव्या बाजूच्या टॅकलची) जागा मायलाटानेच मिळवली.

उत्तर ३: म्हणूनच कच्चा खेळाडू घेण्यापूर्वी संघाकडे तसा प्रशिक्षक आणि खात्रीचा अनुभवी टॅकल आहे का, हे आधी पाहावे. ईगल्सकडे त्या वेळी जेसन पीटर्स हा असा अनुभवी टॅकल होता.