गॅली चिलरचं मॉडेल: ८००० फुटांवरही उत्तर तेच का येतंय?

गारवा_वाळूज
नमस्कार मंडळी. फायनल इयर प्रोजेक्टसाठी विमानाच्या गॅलीतल्या (स्वयंपाकघरातल्या) अन्न गार ठेवणाऱ्या एअर चिलरचं मॉडेल करायलोय, पायथन आणि कूलप्रॉपमध्ये (गॅसचे गुणधर्म देणारी लायब्ररी). गॅस आर-१३४ए, बाष्पीभवन उणे १० अंशांवर, कंडेन्सिंग ५० वर, क्षमता ६०० वॅट. तीन ट्रॉल्या, प्रत्येकीत ३० किलो अन्न धरलंय, १५ अंशांवरून ५ वर आणायचं.

अडचणी दोन. केबिनचा दाब ८००० फुटांचा (उडताना असतो तसा) टाकला तरी आलेख जमिनीवरच्यासारखाच, रेषेवर रेष. आणि लॅबच्या रिगवरचं सक्शन गेजचं, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये गॅस जातो त्या बाजूचं, रीडिंग (१.०६ बार) टाकलं की बाष्पीभवनाचं तापमान उणे २५ दाखवतंय. कॉइलवर एवढी थंडी नाहीच.

कंडेन्सर_काका
पहिल्याचं उत्तर हवेच्या बाजूला आहे. तुम्ही हवेचा प्रवाह किलो प्रति सेकंदात ठरवून टाकला असणार. पंखा लिटर ढकलतो, किलो नव्हे. ८००० फुटांच्या केबिनमध्ये दाब साधारण ७५ किलोपास्कल, म्हणजे २४ अंशांना घनता १.१९ वरून ०.८८ किलो प्रति घनमीटरवर येते.

तुमचेच आकडे घ्या. गॅस किलोमागे सुमारे १२१ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणून गॅसचा प्रवाह ५ ग्रॅम प्रति सेकंद. कॉम्प्रेसरची आयसेंट्रॉपिक कार्यक्षमता (आदर्श कॉम्प्रेसरच्या तुलनेत) ६० टक्के धरली तर त्याला ३२५ वॅटच्या आसपास लागतात, आणि कंडेन्सरला ९२५ वॅट बाहेर टाकावे लागतात. पंखा ७५ लिटर प्रति सेकंदाचा असेल तर जमिनीवर हवा १० अंशांनी तापते, वर १४ नी. शिवाय हवेच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांकही पडतो, तो स्थिर ठेवू नका. कंडेन्सिंग ५० ला बांधून ठेवलंय तेही सोडा. ते समीकरणातून निघू द्या, म्हणजे दाब चढताना आणि क्षमता उतरताना दिसेल. बाष्पीभवकाच्या पंख्यालाही हाच नियम लावा.

कॉम्प्रेसर कुठला घेतलाय? ५० हर्ट्झचा मॅप (कामगिरीचा तक्ता) विमानाला चालत नाही. तिथली वीज पारंपरिकपणे ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. चार पोलांची मोटर म्हणजे १२००० आरपीएम सिंक्रोनस. तुमच्या प्रवाहाला व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमता (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते) ७५ टक्के धरून फेऱ्यामागे साडेतीन सीसीच्या आत भागतं. १५०० आरपीएमला २६-२७ सीसी लागले असते.

मॅनोमीटर
दुसरं सोपं आहे राव. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, कूलप्रॉपला निरपेक्ष दाब लागतो, तोही पास्कलमध्ये. आणि १.०१३ मिळवून मोकळे होऊ नका. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर, इथं वातावरणच ०.९५ बार. १.०६ अधिक ०.९५ म्हणजे २.०१, बरोबर उणे १० अंश.

एन्थाल्पी (गॅसमधल्या ऊर्जेचं माप) छापील तक्त्यातून आणि कूलप्रॉपमधून मिसळून घेत असाल तर संदर्भबिंदू तपासा. आयआयआर या संस्थेच्या पद्धतीत ० अंशाच्या द्रवाला किलोमागे २०० किलोज्यूल धरतात, अश्रे या संस्थेच्या पद्धतीत उणे ४० च्या द्रवाला शून्य.

गारवा_वाळूज
गेजचं जुळलं. प्रवाह लिटरमध्ये केला तर वर वेळ वाढतोय. पण दीड तासात हवा ४ अंशांवर आली की अन्नही ४ च दाखवतंय, ते पटेना.

कंडेन्सर_काका
हवा आणि अन्न एकाच नोडमध्ये (एकच तापमान असलेल्या भागात) घातलंय तुम्ही. दोन वेगळे नोड करा, मध्ये संक्रमणाचा गुणांक. गच्च भरलेल्या ट्रेच्या मधल्या डब्यासाठी तिसराही चालेल. नुसता हिशेब बघा: ९० किलो, किलोमागे प्रति अंश ३.५ किलोज्यूल, १० अंश, म्हणजे ३१५० किलोज्यूल. ६०० वॅटनं ८७ मिनिटं, तेही भिंतीतून आत येणारी उष्णता आणि पंख्याची गरमी न धरता. दीड तासात अन्न ४ ला येणं शक्यच नाही.

डीफ्रॉस्ट
कॉइल शून्याखाली आहे, बर्फाचं काय? ट्रॉलीचं दार उघडलं की दमट हवा आत जाते, फिन्समध्ये (कॉइलवरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) बर्फ धरतो, प्रवाह घटतो, कॉइल आणखी गार होतं, बर्फ आणखी वाढतो. बर्फाचं वस्तुमान वेगळी अवस्था म्हणून धरा आणि फिन्समधली मोकळी जागा त्यावरून कमी करत न्या. मग हॉट गॅस डीफ्रॉस्ट (गरम गॅसनं बर्फ वितळवणं) किती मिनिटांनी लावायचा ते मॉडेलमधूनच निघेल.

गॅसचा दाब सेकंदात हलतो, अन्न तासात. एक सेकंदाच्या ठराविक टप्प्यानं ऑयलरची साधी पद्धत लावलात तर दाब डोलत बसेल. पायथनच्या सायपाय लायब्ररीतला बीडीएफ वापरा, तो असं वेगवान आणि संथ एकत्र असलेलं गणित सांभाळतो.