मेट्स बुडाले ते मेंडोझामुळे की स्टर्न्झमुळे?

एडिसनकर

२८ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी इथे अमेरिकेत आमच्या हॉलमधल्या एकाच टीव्हीवर दोन सामने झाले. सकाळी साडेदहाला दुबईची आशिया कप फायनल. ती जिंकली, नाचून झालं, वडापाव संपले. मग तीच मंडळी तीन वाजता आपल्या न्यूयॉर्क मेट्सचा मायामी मार्लिन्सशी बेसबॉल सामना बघायला पुन्हा बसली. सहापर्यंत हॉल रिकामा, पायातल्या चपला कोणाच्या कोण घालून गेलं पत्ता नाही.

मायामीत ०-४ ने हरलो. त्याच दुपारी सिनसिनाटी रेड्ससुद्धा मिलवॉकीकडून हरले, म्हणजे आपण तो एक सामना जिंकलो असतो तरी प्लेऑफमध्ये होतो. दोघांचेही ८३ विजय, ७९ पराभव. आपसातल्या सहा सामन्यांत रेड्स ४-२ ने पुढे, म्हणून ते आत आणि आपण घरी.

१२ जूनला हाच संघ ४५-२४ (विजय-पराभव) होता. पूर्ण मेजर लीगमध्ये अव्वल. तिथून पुढे ३८-५५.

आता जो तो मॅनेजर कार्लोस मेंडोझाच्या नावाने बोटं मोडतोय. मला ते पटत नाही. स्वयंपाक्याला शिव्या घालण्याआधी किराणा कोणी भरला ते बघा. हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६५ मिलियन दिले, चांगलं केलं, त्याने ४३ होमरन मारून पैसे फेडले. पण सामना सुरू करणारे पिचर? फ्रँकी मोंटासला दोन वर्षांचे ३४ मिलियन, त्याचा ईआरए ६.२८ (नऊ इनिंगमागे दिलेले रन; चारच्या खाली असला तर बरा समजायचा). शॉन मनायाला तीन वर्षांचे ७५, त्याचा ५.६४. क्ले होम्स इतकी वर्षं बुलपेनमधला (सामन्याच्या मध्यात येणाऱ्या राखीव पिचरांतला) गडी, त्याला स्टार्टर केलं. हा सगळा बाजार संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या डेव्हिड स्टर्न्झने केला. आणि ३१ जुलैपर्यंत, ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपेपर्यंत, आपल्याला स्टार्टर हवा हे शेंबड्या पोरालाही दिसत असताना हा माणूस तीन रिलीव्हर (बुलपेनमधले पिचर) आणि एक सेंटर फील्डर घेऊन आला.

बोला.

सातवी_लोकल

किराणा वाईट होता, कबूल. पण आहे तो भात करपवला कोणी?

शेवटचाच सामना घ्या. मनायाला दुसऱ्या इनिंगमध्ये काढलं. ठीक, करो या मरो आहे. मग बुलपेनमधला ब्राझोबान. चौथ्यात तो डळमळायला लागला, मग स्टॅनेक, मग रॉजर्स, आणि तेवढ्यात चार रन झाले. एडविन डियाझ, आपला सर्वांत भारी पिचर, आला पाचव्या इनिंगमध्ये. चार रन होऊन गेल्यावर! सामना चौथ्यात फुटत होता तर डियाझ चौथ्यात हवा होता. "क्लोजर (सामना संपवणारा पिचर) नवव्या, शेवटच्या इनिंगमध्येच आणायचा" ही पोथी मेंडोझाने त्या दिवशी मोडली खरी, पण अर्धा तास उशिरा. घर जळाल्यावर बंब.

दुसरं. आठ इनिंगनंतर मागे असताना या संघाने वर्षभरात एकही सामना जिंकला नाही. ०-७०. सत्तर वेळा! हे सगळं स्टर्न्झने बाजारातून आणलं का? संघाला धुगधुगी ठेवायची तर ती डगआउटमध्ये बसलेल्या माणसाने.

वाशीचा_स्पिनर

मी क्रिकेटवाला, बेसबॉल मुलामुळे बघायला लागलो. एक शंका. मनायाला काढला तर नंतर परत का नाही आणत? आपल्याकडे बुमराहचा दोन ओव्हरचा स्पेल, मग विश्रांती, मग शेवटी पुन्हा.

एडिसनकर

@वाशीचा_स्पिनर, इथे एकदा बाहेर गेला की गेला, त्या सामन्यापुरता संपला. म्हणून हा निर्णय इतका जीवघेणा असतो. कर्णधाराला चूक दुरुस्त करता येते, मॅनेजरला नाही. त्या दिवशी सकाळी बघितलंत ना, हार्दिक नव्हता म्हणून सूर्याने पहिली ओव्हर शिवम दुबेच्या हातात दिली. दुबेला मार पडला असता तर दुसऱ्या ओव्हरला बदलला असता, नंतर कुठेतरी लपवून परत टाकायला लावलं असतं. मेंडोझाकडे ती सोयच नाही.

आणि @सातवी_लोकल, मनायाला दुसऱ्यात काढावं लागलं हेच माझं उत्तर आहे! वर्षाच्या सर्वांत मोठ्या सामन्याला चार इनिंगसुद्धा विश्वासाने टाकेल असा पिचर नाही. होम्स आदल्या दिवशी सहा इनिंग झकास टाकून बसला होता, नवा पोरगा मॅक्लीनही नुकताच टाकून मोकळा झालेला. उरलं कोण?

आकडेमोड

थोडा थंडपणा घ्या.

बुलपेन का फुटलं याचं कारण साधं गणित आहे. जुलैभर पीटरसन सोडला तर सहा इनिंग पुऱ्या करणारा स्टार्टर आपल्याकडे नव्हता. बाकीचे चार-पाच इनिंगांत बाहेर. म्हणजे रोज चार इनिंग बुलपेनवर. आठवड्याला सहा सामने धरा, चोवीस इनिंग. रिलीव्हर आठ. तीच माणसं, तेच खांदे, एक दिवसाआड. ऑगस्टमध्ये हात दुखणार नाहीत तर काय होईल?

आता "स्टार्टरला अजून एक इनिंग टाकू दे" म्हणणाऱ्यांसाठी. तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की त्याने तुमचे सगळे चेंडू बघितलेले असतात. जवळजवळ प्रत्येक पिचर तिसऱ्या फेरीत जास्त मार खातो. त्यामुळे मेंडोझा पाचव्यात काढत होता ते भित्रेपणाने नाही. ते आजकाल तीसच्या तीस संघ करतात. फरक एवढाच, की बाकीच्यांकडे दोन तरी घोडे असतात ज्यांना सातव्यापर्यंत पळवता येतं.

कोल्हापुरी_कर्व्ह

ट्रेडमध्ये आणलेल्या रिलीव्हर हेल्झलीवर कोण बोलणार का नाही भावांनो? सेंट लुईसला २१ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), ईआरए ३.००. तीन पोरं देऊन आणला. इथं आल्यावर ७.२०! विमानात काय खायला घातलं त्येला?

पर्वतीपायथा

हेल्झलीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून लिहितो. बॉल सोडण्याआधी काय टाकणार हे त्याच्या हालचालीवरून फलंदाजांना कळत होतं, अशी चर्चा सप्टेंबरभर होती. शंभर मैलांचा फास्टबॉलसुद्धा येणार हे माहीत असेल तर मारता येतो. हे पकडायचं काम कोणाचं? स्टर्न्झचं? पिचिंग कोच कशासाठी असतो? हेफ्नरला त्यासाठीच घरी पाठवलं असावं.

पण मला मुख्य धाग्याला विरोध करायचाय. "स्टार्टर घ्यायला हवा होता." कोणता? नाव सांगा. मिनेसोटाने त्यांचा पिचर जो रायनला विकलं नाही. मायामीने अल्कांताराला सोडलं नाही. वॉशिंग्टनने गोर दिला नाही. पिट्सबर्गने केलर ठेवून घेतला. विकले गेले ते मेरिल केली, चार्ली मॉर्टन, आणि कोपराच्या ऑपरेशननंतर वर्षभरात मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला शेन बीबर. दुकानात माल नसताना गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. भाव अवाच्या सवा होते, स्टर्न्झने हात आखडता घेतला, त्यामुळे मॅक्लीन, टाँग, स्प्रोट, बेंज ही तरुण पोरं सगळी आपल्याकडे राहिली. मॅक्लीनने आठ सामन्यांत ५-१ आणि ईआरए २.०६ करून दाखवलं. तो ट्रेडमध्ये गेला असता तर आज इथे धागा वेगळा असता आणि शिव्याही वेगळ्या.

पीट क्रो-आर्मस्ट्राँग आठवतो ना? २०२१ मध्ये दोन महिन्यांच्या हाव्हिएर बाएझसाठी शिकागो कब्सला दिला. या वर्षी त्याने ३१ होमरन आणि ३५ स्टील (पळून चोरलेले बेस) केले. कब्ससाठी.

एडिसनकर

नाव सांगतो. झॅक लिटेल. टँपाचा साधासुधा पिचर, नाव घेऊन कोणी तिकीट काढणार नाही. पण पाच-सहा इनिंग टाकतो आणि फुकट वॉक देत नाही. त्याला कोणी घेतलं? सिनसिनाटी रेड्सनी. तेच ते, जे आपल्याशी बरोबरीत सुटून आत गेले. मी डेट्रॉइटचा एक्का पिचर स्कूबल मागतच नव्हतो हो. एक लिटेल मागत होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक, फक्त एक जास्तीचा विजय हवा होता.

आणि होजे किंताना? २०२४ मध्ये आपल्याकडेच होता. आपण सोडला, मिलवॉकीने किरकोळ पैशांत उचलला, ११-७.

पर्वतीपायथा

लिटेल मान्य. हा एक मुद्दा तुमचा.

सातवी_लोकल

सगळे मुद्दे ऑफिसमधले चाललेत, मैदानात या जरा.

१२ जून, सिटी फील्ड, आपलं मैदान, मी तिथे होतो. सहावी इनिंग. आपला स्टार्टर सेंगा, त्याचा ईआरए १.४७, लीगमध्ये कोणाचाच एवढा कमी नसेल. साधा ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) पहिल्या बेसजवळच्या अलोन्सोकडे. सेंगा पहिल्या बेसकडे धावतोय. अलोन्सोने फेकलेला बॉल वर गेला. सेंगाने उडी मारून झेलला, पाय ताणून बेसला लावला, आउट केलं, आणि पुढच्या पावलाला मांडी धरून आडवा झाला. शेजारचा कोरियन आजोबा हातातले शेंगदाणे तसेच धरून उभा राहिला. ४५ वा विजय त्याच दिवशी आला आणि घरी जाताना गाडीत कोणी बोलत नव्हतं.

आता निर्णयांकडे या. तो ११ जुलैला परत आला. पाय बरा झाला होता, पण अंग मोडलेलं. फास्टबॉल दिशा सोडून, त्याचा तो प्रसिद्ध घोस्ट फोर्क (ऐनवेळी खाली बुडणारा बॉल) जमिनीत. नऊ सामन्यांत एकही विजय नाही, ईआरए साडेसहाच्या वर. आणि मेंडोझा नऊच्या नऊ वेळा त्याला पाठवत राहिला! सप्टेंबर उजाडल्यावर सिराक्यूजच्या दुय्यम संघात पाठवला, तेही सेंगा स्वतः हो म्हणाला म्हणून, करारात त्याला नाही म्हणायचा हक्क होता. हेच जुलैअखेर केलं असतं तर मॅक्लीन दोन आठवडे आधी आला असता. दोन आठवडे म्हणजे किमान दोन सामने. तुम्हाला एक विजय हवा होता ना? हा घ्या.

आकडेमोड

@सातवी_लोकल हा तुमचा सर्वांत चांगला मुद्दा. पण सेंगाला पाठवायचं की नाही, मॅक्लीनला वर कधी आणायचं, हे मॅनेजर ठरवत नाही. वर कोण, खाली कोण, ही यादी स्टर्न्झकडे असते.

सातवी_लोकल

मग मेंडोझा नक्की करतो काय? च्युइंगम चघळतो?

जुना_शे

१९८६ पासून बघतोय पोरांनो, म्हणून दोन शब्द. २००७ साली सतरा सामने बाकी असताना सात सामन्यांची आघाडी होती. शेवटच्या दिवशी ग्लाव्हिन आला, तीनशे विजयांचा पिचर, पहिल्या इनिंगमध्ये एक फलंदाज बाद करेपर्यंत सात रन दिले आणि गेला. समोर मार्लिन्स. २००८ ला पुन्हा शेवटचा दिवस, तारीख २८ सप्टेंबर, आपल्या जुन्या शे स्टेडियमचा अखेरचा सामना. समोर मार्लिन्स. आणि आता २८ सप्टेंबर, मार्लिन्स. मॅनेजर वेगळे, मालक वेगळे, पिचर वेगळे. मला तर वाटतं नारळ फोडून यावं मायामीला.

बाकी तो पाचव्या इनिंगचा बॉल विसरू नका. तिन्ही बेस भरलेले, अलोन्सोने असा काही तडकावला की बॅटचा आवाज टीव्हीतून छातीत बसला. सानोहा लेफ्ट फील्डला धावला आणि हातात. चार हात इकडे-तिकडे गेला असता तर आज मेंडोझा हुशार आणि स्टर्न्झ दूरदर्शी असते. आणि हा धागाच नसता.

कोल्हापुरी_कर्व्ह

आजोबा, नशिबावर ढकलू नका. ९३ सामन्यांत ५५ हरले, तेवढं नशीब कुणाचं वाईट नसतं.

ठाण्याची_मेट्सवाली

मला एक कळत नाही. २०२४ ला हाच मेंडोझा २२-३३ वरून संघ उचलून एनएलसीएसपर्यंत (नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत) घेऊन गेला, डॉजर्सशी सहा सामने लढला, तेव्हा सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. तेव्हा मनाया आणि सेव्हेरिनो सहा-सहा इनिंग टाकत होते. यंदा सेव्हेरिनो गेला, मनाया वर्षाचा अर्धा भाग बाहेर आणि आल्यावर कोपर धरून. मॅनेजरची अक्कल पिचरच्या कोपरात असते की काय?

पुढचं बोलूया का? २०२५ चा हंगाम संपला तेव्हा स्कूबलचं डेट्रॉइटशी कराराचं एकच वर्ष उरलेलं. पिचर फ्रेडी पेराल्टाचंही मिलवॉकीत तसंच होतं, १७-६ करून. स्टर्न्झ मिलवॉकीहूनच आलाय, त्याला पेराल्टा नखशिखांत माहीत. एका वर्षासाठी स्प्रोट किंवा जेट विल्यम्स द्याल?

पर्वतीपायथा

एका वर्षासाठी नाही. लगेच करार वाढवून सही करणार असेल तर विचार करू.

एडिसनकर

मी देतो. आजच देतो, रिक्षा करून पोचवतो. मॅक्लीनला हात लावायचा नाही, बाकी टेबलावर ठेवा. टाँगला पहिल्या सामन्यात आपण १९ रन काढून दिले तेव्हा सगळे त्याची आरती ओवाळत होते. दोनच आठवड्यांनी टेक्सासने त्याला दोन आउट होईपर्यंत सहा रन मारले. पोरगा गुणी आहे, पण पुढच्या एप्रिलला मला तो पाचवा स्टार्टर म्हणून हवाय, पहिला नाही.

सातवी_लोकल

आणि सेंगा?

एडिसनकर

सेंगा आता विकलात तर भंगाराच्या भावाने जाईल. १.४७ वाला माणूस आत कुठेतरी आहेच. हिवाळाभर त्याची मांडी बरी करा, आणि अलोन्सोला, तो राहिला तर, पहिल्या बेसवर छातीच्या उंचीने बॉल फेकायला शिकवा.

कोल्हापुरी_कर्व्ह

त्येला शिकवायला कोच कुठला उरलाय? बहुतेक काढले की.