अनुभव धागा: फँटसी ॲनिमे – काय भिडलं, काय खटकलं?

आपल्याकडे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघणारे खूप वाढलेत, पण मराठीत त्यावर मनापासून बोलणं कमीच होतं. जादू, राक्षस, दुसरं जग असलेली कुठलीही मालिका घ्या. नुसतं 'भारी' किंवा 'भंगार' नको. कुठल्या प्रसंगाशी थबकलात, कुठे मन उठलं, ते सांगा. कथानक फुटेल, वाचताना तयारी ठेवा.

* * *

मी निफाडचा, घरची द्राक्षबाग. माझी मालिका 'फ्रीरेन', २०२३ ची, पहिलं पर्व २८ भागांचं. फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगणाऱ्या काल्पनिक वंशातली, हजार वर्षांहून जास्त जगलेली. राक्षसराजाविरुद्धची मोहीम दहा वर्षं चालते, पण तिच्या लेखी दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. पन्नास वर्षांनी ती परतते तेव्हा तिचा सोबती हिमेल म्हातारा झालेला असतो. त्याला मूठमाती देताना ती रडते: याला समजून का घेतलं नाही?

माझी आजी गेली तेव्हा मी गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाला फळ धरायच्या छाटणीच्या, गडबडीत होतो. तिच्याजवळ निवांत बसायचं राहूनच गेलं. पुढे मालिकेत गोड द्राक्षं आंबट करायचा मंत्र येतो. मण्यात गोडी भरावी म्हणून आम्ही जिवाचं रान करतो, आणि फ्रीरेनला हा मंत्र मोलाचा, कारण जुन्या सोबत्याला, आयझेनला, आंबट द्राक्षं आवडतात. आजीलाही पाणी न भरलेले, कच्चे आंबट मणी मिठासोबत लागायचे. तिथे मी मोबाईल बाजूला ठेवला.

खटकली ती जादूगारांची परीक्षा. सगळं कसं निवांत चाललेलं, ते नव्या पात्रांच्या गर्दीत हरवतं.

* * *

निफाडकर भाऊ, तुमच्या आजीचं वाचून गलबलून आलं. मालिका मलाही आवडते, पण एक गोष्ट टोचते. त्यातले राक्षस माणसाची भाषा शिकतात ती फक्त फसवायला. एक राक्षसाची मुलगी 'आई' म्हणते, गावाला दया येते, तिला ठेवून घेतात आणि ती घात करते. म्हणजे लेकरूसुद्धा जात्याच दुष्ट.

आमचं घराणं सोलापूरच्या सेटलमेंटमधलं, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीतलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आजोबांचं बालपण तारेच्या कुंपणाआड गेलं, हजेरी चुकवायची सोय नव्हती. मी शाळेत असताना वर्गात पेन हरवलं की आधी माझं दप्तर उलटं व्हायचं. जपानी लेखकाच्या डोक्यात यातलं काही नसणार, हे कळतं. तरी मी त्या पोरीच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. मालिका पूर्ण केली, तो भाग परत लावला नाही.

* * *

मुलगा नववीत आहे, त्याच्यासोबत बसून बघते. त्याला इसेकाई आवडतात: साधा माणूस दुसऱ्या जगात जातो आणि बघता बघता सगळ्यांत बलवान होतो. व्हिडिओ गेमसारखी हवेत चौकट उघडते, लेव्हल वाढते. कष्ट कुठे दिसत नाहीत. 'शील्ड हीरो'मध्ये तर नायक मुलगी गुलाम म्हणून विकत घेतो, आणि पुढे सुटका झाल्यावर तीच गुलामीचा शिक्का पुन्हा मागून घेते. मी टीव्ही बंद केला. लेक चिडला, मग तासभर बोललो त्यावर.

* * *

ताई, लेकाला 'ट्वेल्व्ह किंगडम्स' दाखवा. २००२ ची आहे, चित्रं जुनाट वाटतील. त्यातली योकोही शाळकरी मुलगी, तीही दुसऱ्या जगात जाते, पण तिथे तिला फसवतात, उपाशी ठेवतात. तिला जीव लावणाऱ्या उंदरासारख्या राकुशुनला ती जखमी टाकून पळते, आणि ते तिला आतून खात राहतं. राणी व्हायच्या लायकीची ती अशी होते. दुःख एकच, ४५ भागांनंतर कितीतरी धागे तसेच लोंबकळत राहिले.

* * *

मी पुण्यात मेस चालवते. 'डिलिशस इन डंजन' (२०२४) भाच्यानं दाखवली. त्यातला बुटका आचारी सेन्शी विंचू-मशरूमचा रस्सा करतो, तो इतका बारकाईनं की मी कांदा चिरायचा थांबले. पहिलं पर्व २४ भागांनी अर्ध्यात थांबतं, ते जिवावर आलं. पण गोलेमचं दृश्य बघाच. मातीच्या त्या राक्षसाच्या पाठीवर सेन्शीनं भाजीचा मळा केलाय. भाजी काढून झाली की तो माती परत लावतो, रोपं खोचतो, पाणी घालतो, आणि गोलेमला पुन्हा उभा करतो.