म्हातारी आणि भोपळ्याचं १५ मिनिटांचं नाटक: भोपळा कसा करू, शेवट कोणता घेऊ?

दांडियाबाजारची मावशी (वडोदरा)

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्याच्या गणपतीत यंदा मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे आलंय. आरती झाल्यावर १५ मिनिटं मिळतील. मुलं १४ आहेत, सगळ्यात धाकटी बालवाडीतली, मोठा सातवीतला. मंडळातल्या दोघींना सिंड्रेला हवी होती, कारण झगे भाड्याने मिळतात. मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट धरून बसले. ती आपल्या घराघरांत आहे, आणि शेजारच्या गुजराती मुलांनाही ती येते. त्यांची डोशी ‘दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे’ म्हणते. वाड्यातल्या कितीतरी सुना आणि जावई गुजराती आहेत, म्हणजे प्रेक्षकांना गोष्ट समजावून सांगायची गरजच नाही.

आता माझं अडलंय कुठे ते सांगते. जाताना कोल्हा, लांडगा, वाघ. येताना पुन्हा तेच तिघे. मांडीवर बसून ऐकताना ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ परत परत आलं की मजा वाटते. स्टेजवर तेच सहा वेळा केलं तर वाघाची पाळी येईपर्यंत विंगेतली मुलंसुद्धा चुळबुळ करायला लागतात.

दुसरं, भोपळा. थर्माकोलचा नको, आत मूल बसवायचंय. लोळणारा हवा असं सगळ्यांचं म्हणणं, पण आमचं स्टेज म्हणजे चार फळ्यांवर सतरंजी, आणि पुढे कठडा नाही.

तिसरं म्हणजे शेवट. माझ्या आईच्या गोष्टीत म्हातारी सुखरूप घरी पोचते आणि जनावरं वाट बघत राहतात. सासूबाई सांगायच्या त्यात कोल्हा भोपळा फोडतो आणि म्हातारी त्याच्या डोळ्यांत राख फेकते. जाऊबाईंच्या गोष्टीत भोपळा दगडावर आपटून फुटतो आणि ती पळत सुटते. मला म्हातारी नशिबाने सुटलेली नकोय. तिचं डोकं चाललेलं दिसलं पाहिजे.

आणि एका आईने तालमीत विचारलं, ‘म्हातारी शब्द देऊन फसवते, हे मुलांना शिकवायचं का?’ प्रश्न मनापासून होता. त्याला नीट उत्तर द्यायची माझी इच्छा आहे.

विंगेतला (रावपुरा, वडोदरा)

मावशी, भोपळ्याचं मी सांगतो. नेपथ्य आणि लाईट हेच माझं काम आहे.

थर्माकोल, कागदाचा लगदा, काही नको. वाड्यातल्या कुणाच्याही कपाटात नवरात्रीचा जुना चणिया, म्हणजे घागरा, असेलच. केशरी किंवा पिवळा, भरपूर घेराचा शोधा. नाडी कमरेला न बांधता मुलीच्या डोक्यावर बांधायची. खालच्या काठालाही एक नाडी घालून घेर थोडा आवळायचा. आतून पोटाच्या उंचीला हुलाहूपची कडी चार-पाच ठिकाणी टाके घालून पक्की करा. घेराच्या चुण्या कडीवरून खाली पडल्या की भोपळ्याच्या फाकी आपोआप दिसतात. डोळ्यांपाशी एका चुणीत वीतभर कापून मच्छरदाणीची जाळी शिवा. बाहेरून कळत नाही, आतून दिसतं आणि श्वासही मोकळा राहतो. वर देठाला हिरवं कापड गुंडाळा. कापड कमी पडलं तर मंगळबाजारात मिळेल.

लोळवू मात्र नका. कठडा नाही म्हणता तर मुळीच नको. मुलीने आतून दोन्ही हातांनी कडी धरायची आणि उड्या मारायच्या. प्रत्येक उडीला ढोलकीची एक थाप. लोकांना लोळण्यापेक्षा हेच जास्त आवडेल.

आणखी एक. म्हातारीचं झोपडं प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, लेकीचं घर उजव्या हाताला, मध्ये तिन्ही जनावरं. ती आपली जागा सोडत नाहीत. म्हातारी डावीकडून उजवीकडे जाते, भोपळा उजवीकडून डावीकडे येतो. पडदा नको, सामान हलवणं नको. आणि एक गोष्ट बघा: जाताना कोल्हा पहिला भेटला, तर येताना तो शेवटचा भेटणार. सगळ्यात लबाड जनावर म्हातारीच्या घराच्या अगदी जवळ बसलंय. तुमचा शेवट तिथे आहे.

सौ. देशपांडे, निवृत्त शिक्षिका (अलकापुरी)

विंगेतला यांचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी शाळेत बरीच वर्षं मुलांची नाटकं बसवली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पुनरावृत्ती काढू नका, तिची चाल बदला. जाताना तिन्ही भेटी पूर्ण होऊ द्या, पण प्रत्येक भेटीत म्हातारीची भीती वेगळी. कोल्ह्यासमोर ती थरथर कापते. लांडग्यासमोर तिला आपली युक्ती आठवते. वाघ तोंड उघडायच्या आतच ती म्हणून मोकळी होते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन…’ वाघ गोंधळतो. तिथे हशा पिकेल. येताना उलटं करा: वाघाशी पूर्ण संवाद, लांडग्याशी अर्धा, आणि कोल्ह्यापाशी ढोलकी एकदम बंद.

मंडळी हे नाटक करताना लेकीचं घर एका वाक्यात उरकतात, त्याचं मला वाईट वाटतं. सगळी गोष्ट ज्या तूपरोटीसाठी चाललीय ती तिथे आहे. तिला पूर्ण चार मिनिटं द्या. बालवाडीतल्या मुलांना नातवंडं करा, ती आजीला भरवतील, त्यांना पाठांतर लागत नाही. आणि युक्ती दोघींनी मिळून काढलेली दाखवा. मी असं लिहीन:

लेक: आई, वाटेत तिघे बसलेत ना गं?
म्हातारी: बसू देत. मी शब्द दिलाय, जाडजूड होऊन येईन.
लेक: मग?
म्हातारी: (गाल फुगवून) झाले की जाडजूड! आता त्यांना दिसायला नको, एवढंच.
(लेक कोपऱ्यातल्या भोपळ्याकडे बघते. आजी नातवंडांकडे बघते. सगळे भोपळ्याकडे बघतात.)

भोपळ्याची नाडी लेकीने प्रेक्षकांसमोर बांधायची. आत कोण आहे हे समोरच्या मुलांना माहीत, वाघाला माहीत नाही. पुढची पाच मिनिटं त्याच जोरावर चालतात. भोपळ्यातून आवाज दबका येतो, म्हणून ‘म्हातारी-बितारी मी नाही जाणत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ हे सगळ्या मुलांनी मिळून म्हणायचं. आपल्या इथली मुलं ‘चल’मधला च गुजरातीसारखा म्हणतात, समूहात तोही जुळून येतो.

त्या आईंना माझ्या वतीने सांगा: समोरच्याने जबडा उघडलाय आणि आपण एकट्या आहोत, अशा वेळी दिलेला तो शब्द आहे. दुकानदाराला किंवा मैत्रिणीला दिलेल्या शब्दासारखा तो नाही. नाटक झाल्यावर मुलांना विचारा, ‘तुम्ही काय केलं असतं?’ ती स्वतःच बोलतील.

बंगालची सून (फतेगंज)

माझं सासर बंगाली. तिथे हीच म्हातारी लाउमध्ये, म्हणजे दुधी भोपळ्यात बसते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या संग्रहात ती कुबडी आहे. शेवटी कोल्हा भोपळा फोडतो, तेव्हा ती म्हणते, खाण्याआधी गाणं ऐकणार नाहीस का? आणि गाण्याच्या निमित्ताने आपल्या कुत्र्यांना हाक मारते. कुत्रे येऊन कोल्ह्याला धरतात. इराणमध्येही भोपळ्यात बसून येणारी म्हातारी आहे म्हणे, माझ्या सासऱ्यांनी तीही ऐकली होती. गाण्याची कल्पना स्टेजवर छान दिसेल असं वाटतं.

कारेलीबागचा काका

कुत्रे नकोत हो. दोन मुलं आणखी लागतील, आणि म्हातारीला बाहेरून मदत मिळाल्यासारखं होईल.

सिंड्रेलावाल्या ताईंना मात्र एक सांगा: भोपळा तिच्याकडेही आहे, पण फक्त शार्ल पेरोच्या १६९७च्या गोष्टीत. तिथे परी त्याची बग्गी करते. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या गोष्टीत परीही नाही आणि भोपळाही नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं झाड तिला कपडे देतं आणि पाखरं मदत करतात. आणि भोपळ्याची बग्गी स्टेजवर करायची तर काळोख, धूर, मागे दोन माणसं. आपल्या बालरंगभूमीवर तसंही झालंय. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढलं, त्यांची नाटकं डोळे दिपवणारी असत. रत्नाकर मतकरींनी १९६२ पासून थोड्या साधनांत मुलांची नाटकं उभी केली. वाड्याच्या गणपतीला दुसरी वाट बरी.

कोल्ह्याला प्रेक्षकांत उतरवा. ‘पोरांनो, म्हातारी पाहिलीत का?’ अर्धी मुलं ‘नाही’ म्हणतील आणि एखादं तरी ओरडेल, ‘आत आहे!’ ते हमखास होतं. म्हणून दोन्ही उत्तरांना संवाद तयार ठेवा.

दांडियाबाजारची मावशी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊबाईंचा झेंडूच्या रंगाचा चणिया मिळाला, आणि आजच्या तालमीत तो आमच्या चौथीतल्या म्हातारीला घालून पाहिला. वरची नाडी ओढली तेव्हा नातवंडं झालेली तिन्ही पोरं खरंच गप्प झाली. जाळी अजून शिवायची आहे.

शेवट सापडला असं वाटतंय, वाचून सांगा. कोल्हा प्रेक्षकांना विचारतो. ‘नाही’ आलं तरी आणि ‘आत आहे’ आलं तरी तो भोपळ्याजवळ जाऊन हुंगतो. तुपाचा वास! देशपांडेबाईंनी लेकीच्या घराला चार मिनिटं द्यायला सांगितली म्हणूनच हे सुचलं, तिथे भरवलेलं तूप इथे उपयोगी पडतं. कोल्हा नाडी सोडतो. म्हातारी गाल फुगवून बाहेर येते आणि म्हणते, ‘आले बाबा, शब्दाप्रमाणे जाडजूड होऊन आले. पण मी शब्द तिघांना दिलाय. वाघोबाला न विचारता तू एकटा कसा खाशील?’ कोल्ह्याची पाचावर धारण. मागून वाघ येतो, लांडगा येतो. ‘मला आधी म्हणाली!’ ‘नाही, मला!’ तिघे भांडतात, आणि म्हातारी चार पावलांवरच्या आपल्या झोपडीत शिरून कडी लावते.

यात तिने शब्द मोडला असं त्या आईंनाही वाटलं नाही. त्या आता वाघाची शेपटी शिवताहेत.

एकच विचारायचं राहिलं. ते भांडण लिहून देऊ, की तालमीत मुलांनाच करू देऊ?

सौ. देशपांडे, निवृत्त शिक्षिका

शेवट सुरेख. पहिली दोन वाक्यं लिहून द्या, बाकीचं मुलांवर सोडा, पण पाऊण मिनिटाच्या वर नको. वाघ झालेल्या मुलाला आधी सांगून ठेवा की कडी लागल्याचा आवाज आला की त्याने गप्प व्हायचं. तो थांबला की दोघे थांबतील. आणि कडी खरी लावा, स्टीलची, वाजणारी.