मदत हवी आहे: पाळणाघरातली पाच मुलं, पाच तऱ्हा आणि एकच पातेलं

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी घरीच पाळणाघर चालवते. सध्या पाच मुलं आहेत. एक ११ महिन्यांचं बाळ, एक दीड वर्षाची, दोघं तीन वर्षांचे (जुळे नाहीत, पण भांडतात जुळ्यांसारखे) आणि एक साडेचार वर्षांची, जी स्वतःला माझी मदतनीस समजते. मुलं सकाळी साडेआठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. म्हणजे सकाळचा खाऊ, दुपारचं जेवण आणि झोपून उठल्यावरचा खाऊ, तिन्ही माझ्याकडेच.

आतापर्यंत डबे घरून यायचे. त्यात रोजची रडारड. एकाच्या डब्यात क्रीमची बिस्किटं, दुसऱ्याच्यात उकडलेलं गाजर. गाजरवाला बिस्किटांकडे बघत बसायचा, बिस्किटवाली जेवणाच्या वेळी पोट भरलंय म्हणायची. शेवटी पालकांनीच सुचवलं, तुम्हीच करा, आम्ही वेगळे पैसे देतो. मी हो म्हणून बसले. स्वयंपाकाची मला भीती नाही हो, पंधरा माणसांचं एकटी करते. नियोजनात मात्र सपशेल आपटले.

रविवारी वही घेऊन आठवड्याचं लिहून काढलं. रोज नवीन पदार्थ, रंगीत पेनाने. सोमवार झकास गेला. मंगळवारी दोघांनी ताट सरकवलं, तेव्हा घाईघाईने त्यांना दूध-केळं करून दिलं. बुधवारी भोपळ्याची भाजी होती. ती बघून पाचातल्या तिघांनी ओठ मिटून घेतले, आणि तीन वर्षांच्यांपैकी एकाने मी भरवलेला घास गालात धरला. गिळेना, थुंकेना. मी आपली 'गिळ रे राजा' करत बसले. मग झोपेची वेळ झाली, सगळ्यांना आडवं केलं. दहा मिनिटांनी पांघरूण सारखं करायला गेले तर याचा गाल अजून फुगलेलाच! झोपेत होता. बोट घालून सगळा भोपळा बाहेर काढला. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते, खोटं कशाला बोलू.

दुसरं एक कबूल करते. संध्याकाळी दारात प्रत्येक आईचा पहिला प्रश्न, 'संपवलं का सगळं?' आणि मी 'हो हो, छान जेवला' म्हणून मोकळी होते, जरी तीनच चमचे पोटात गेले असले तरी. कधी कधी हे 'हो' खरं करण्यासाठी मोबाईल समोर धरून भरवलंय. त्याची लाज वाटते.

तर मला हे विचारायचंय. ११ महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंत सगळ्यांना चालेल असं एकाच वेळी कसं शिजवता? कोणाला किती वाढायचं? नको म्हणणाऱ्याला दुसरं करून द्यायचं का? दीड वर्षाच्या मुलीला अंड्याची ॲलर्जी आहे, मग अंडं घरातून हद्दपारच करू का? आणि दारातल्या त्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

जुनी जाणती

ताई, आधी एक, भोपळा भरवण्यात तुमची काही चूक नाही, आडवं करण्यात आहे. जेवण झालं की प्रत्येकाला 'आऽ' करायला लावून तोंडात बघायचं, पाण्याचा घोट द्यायचा, मगच गादी. मी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं, हा नियम एकदाही मोडला नाही. जेवताना सगळी बसलेली हवीत. पळत, हसत, रडत असताना घास नाही. आणि मुलं खात असताना आपण त्या खोलीतच, भांडी नंतर.

रंगीत पेन ठेवून द्या. रोज नवीन पदार्थ हा मोठ्यांचा सोस आहे, मुलांना तेच ते आवडतं. मी पदार्थ लिहायचे नाही, खाचे लिहायचे. जेवणाला चार खाचे: एक धान्य, एक डाळ, कडधान्य किंवा अंडं, एक भाजी, एक फळ. मग भाजीवाल्याकडे स्वस्त आणि ताजं काय, ते त्या खाच्यात जाऊन बसतं. असे दोन-तीन आठवडे बसवले की तेच फिरवत राहायचं. आणि ताटात एक वस्तू अशी ठेवायची जी ते मूल हमखास खातं. साधा भात असेल, दही असेल. नवीन भाजी तिच्या शेजारी, चमचाभरच.

एकाच पातेल्याचं म्हणाल तर युक्ती मिठाच्या आधी आहे. डाळ आणि भाजी मऊ शिजली की मीठ-तिखट घालायच्या आधी लहान दोघांचं बाजूला काढा. बाळाचं काट्याने कुस्करायचं, पण पार गंधासारखं नको, ११ महिन्यांच्या बाळाला थोडे कण चावता आले पाहिजेत, हातात धरून खायला एखादी मऊ फोडही द्यायची. दीड वर्षाचीच्या बारीक फोडी. मग उरलेल्यात बेताचं मीठ घालून तिघांना आणि शेवटी स्वतःच्या ताटात हवं तेवढं तिखट.

घशात अडकणाऱ्या गोष्टींबद्दल मी फार कडक आहे. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो अख्खे नाहीत, गोल चकत्याही नाहीत, उभे चार भाग. कच्चं गाजर किसून किंवा वाफवून. अख्खे दाणे आणि बदाम पाच वर्षांपर्यंत नाहीत, कूट करून किंवा त्यांच्या मऊ लोण्याचा पातळ थर लावून द्या. पॉपकॉर्न, कडक गोळ्या माझ्या दाराच्या आत येत नव्हत्या. साडेचार वर्षांचीला चालेल म्हणून दिलं तरी ती 'मदतनीस' बाळाला भरवणार, हे लक्षात घ्या! लहान मुलाच्या घशात अडकलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण घेतलं नसेल तर ते आधी घ्या, मेनू नंतर.

चमचा-वाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे आकड्यांचं मी सांगते. वाढताना सोपा अंदाज म्हणजे वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. तीन वर्षांच्याला तीन चमचे भात, तीन चमचे डाळ, तीन चमचे भाजी. बघायला अगदीच कमी वाटतं, म्हणूनच आपण जास्त वाढतो आणि मग 'संपव' म्हणत मागे लागतो. मागितलं की पुन्हा द्यायचं. पोटं लहान असतात, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी काहीतरी हवं, मात्र मधल्या वेळात फक्त पाणी. तुमचा तिन्ही वेळांचा घाट बरोबर आहे. मधला खाऊ म्हणजे छोटं जेवणच समजा: फळ आणि दही, उकडलेलं रताळं, मऊ शिजवलेले हरभरे ठेचून.

मीठ: एक वर्षाच्या आत दिवसभरात १ ग्रॅमपेक्षा कमी, एक ते तीन वर्षांपर्यंत २ ग्रॅमपर्यंत. हे घर आणि पाळणाघर मिळून, त्यामुळे तुमचा हात अजूनच आखडता हवा. दोन वर्षांपर्यंत वरून साखर, गूळ काही नको. बारा महिन्यांच्या आत मध अजिबात नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. फळाचा रस वर्षाच्या आत नको, पुढे तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलीच्या वर नको. मुळात अख्खं फळ असताना रस कशाला?

दुधाबद्दल जरा जास्त बोलते, कारण मंगळवारी तुम्ही केलंत तेच सगळे करतात. जेवला नाही की दूध. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध पुरेसं आहे. त्याच्या वर बरंच गेलं की पोट दुधानेच भरतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. मग मूल गुबगुबीत दिसतं पण रक्त कमी. घरी सकाळ-रात्र किती पितात ते विचारून घ्या. डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागावं म्हणून त्याच जेवणात टोमॅटो, संत्रं किंवा लिंबाचे चार थेंब असू द्या. ११ महिन्यांच्या बाळाचं मुख्य दूध अजून आईचं किंवा फॉर्म्युलाच, गाईचं दूध प्यायला वर्षानंतर.

नको म्हणणाऱ्याला वेगळं करून देऊ नका. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी जबाबदारीची वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. नवीन भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती तोंडात घालतं. तुमचा भोपळा एकदाच आलाय. मात्र एखादं मूल सातत्याने अगदीच कमी खात असेल, सुस्त असेल, वजन अडलं असेल तर पालकांना स्पष्ट सांगा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.

खटपट्या

एवढं शास्त्र? आमच्या आईने दोन डोळे वटारले की ताट स्वच्छ व्हायचं. काही बिघडलं नाही आमचं.

जुनी जाणती

खटपट्या, तुम्ही अजून भोपळा खाता का, ते सांगा आधी.

खटपट्या

😀 नाही.

सहा वाजताची आई

दारात 'संपवलं का?' विचारणारी बाई मीच आहे (तुमच्याकडची नाही, दुसरीकडची). आमची बाजू मांडते. तो प्रश्न तुमची परीक्षा घ्यायला नसतो. मला घरी जाऊन ठरवायचं असतं की पोचल्या पोचल्या कुकर लावू की मुलाला आधी अंघोळ घालू. आमच्या मावशी मला रोज 'छान जेवला' सांगायच्या. आणि हा रात्री नऊला भुकेने किंचाळायचा. मी समजायचे हट्ट आहे, दोनदा ओरडलेसुद्धा. पुढे कळलं, दुपारी काहीच खाल्लेलं नसायचं. त्या 'छान'चा मला अजून राग येतो.

आता आमच्याकडे दाराशी फळा आहे. वर आज काय होतं आणि किती वाजता, खाली मुलांपुढे एकच शब्द: चाखलं, थोडं, पोटभर. बस. 'चाखलं' दिसलं की मी रस्त्यातच केळं देते.

चमचा-वाटी

हा फळा फार आवडला. फक्त मुलांसमोर मोठ्याने वाचू नका. 'बघ, तिने पोटभर खाल्लं आणि तू?' सुरू झालं की संपलं.

ॲलर्जीवाल्याची आई

अंड्याबद्दल. माझ्या मुलालाही आहे. हद्दपार करायची गरज प्रत्येक वेळी असतेच असं नाही, ते तिची ॲलर्जी किती तीव्र आहे यावर आहे. पालकांकडून डॉक्टरांच्या सहीचा कागद मागा: काय टाळायचं, चुकून खाल्लं तर कोणती लक्षणं, कोणतं औषध, कोणाला फोन. तो फ्रीजच्या दारावर हवा, कपाटात नको. पुरळ आणि सोबत ओठ-जीभ सुजणं, श्वासाला त्रास, सारख्या उलट्या असं काही दिसलं तर वाट बघायची नाही, लगेच तातडीची मदत.

तिचं ताट आधी वाढायचं, वेगळ्या डावाने. मग अंड्याचं पातेलं उघडायचं. खाऊन झाल्यावर सगळ्यांचे हात-तोंड साबणाने. पण खरं सांगू का, दीड वर्षाचं मूल शेजारच्या ताटात हात घालणारच. मी तुमच्या जागी असते तर ती असेपर्यंत अंडं सरळ वगळलं असतं. बाकीच्यांना डाळी-कडधान्यं आहेतच, अंडं घरी खातील.

आणि दाणे, अंडं, मासे असं ॲलर्जीचं काही बाळाने आयुष्यात पहिल्यांदा खायचं असेल तर ते घरी, आईबाबांसमोर. पाळणाघरात पहिला घास नको.

जुनी जाणती

एक राहिलंच. सकाळी केलेला भात दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका. शिजल्यावरही त्यात जंतूंचे बीजाणू टिकून राहतात आणि कोमट भातात वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत खा किंवा पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये. मुलाच्या ताटातलं उष्टं फेकायचं, 'संध्याकाळी देऊ' नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देतेय, पण दोन आठवडे करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

चार खाचे लागू केले, वही आता अर्ध्या पानाची झाली. अंडं बंद. 'आऽ' चा तपास रोज होतो, मदतनीसबाई माझ्या आधी सगळ्यांच्या तोंडात डोकावून 'रिकामं!' म्हणून जाहीर करतात. फळा लावला. पहिल्याच दिवशी मी थरथरत एकापुढे 'चाखलं' लिहिलं. त्याची आई वाचून गप्प उभी राहिली. मी म्हटलं, गेले काही दिवस असंच होतं, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, 'तरीच तो रात्री दोनदा जेवतो.' एवढंच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या आल्या.

मोबाईल बंद केल्यावर चार दिवस फार वाईट गेले. पाचव्या दिवशी कोणी मागितला नाही.

भोपळा चौथ्यांदा आलाय. गालवाल्याने काल फोड उचलून चाटली आणि ताटाच्या कडेला नीट लावून ठेवली. तिघांच्या ओठांपैकी एका जोडीने आता माघार घेतलीय.

आता दुसरी अडचण. पुढच्या आठवड्यात बाळाला वर्ष होतंय आणि पालक क्रीमचा केक घेऊन येणार म्हणतायत, सगळ्यांना वाटायला. अंडं असणार, साखर असणार. त्यांचं मन न मोडता काय सुचवू?